भैरूच्या नावापुढची तांबडी रेघ

मित्रांनो, मी एक जुनी नोंदवही आहे. शाळेत मला जनरल रजिस्टर म्हणतात. मांजरी नावाच्या गावात उसाच्या फडांना लागून दोन खोल्यांची एक शाळा होती. तिथे १९३८ साली माझे पहिले पान उघडले. माझा पुठ्ठा जाड, कोपऱ्यांना तांबडे कापड, आणि पानापानावर रकाने. नाव, बापाचे नाव, जात, जन्मतारीख, शाळेत आल्याची तारीख, सोडल्याची तारीख. फुशारकी वाटेल, पण नवे मूल शाळेत आले की आधी माझ्याकडे यायचे आणि मग पाटीकडे.

दिगंबर गुरुजी माझ्यात लिहीत. त्यांचे अक्षर असे ठसठशीत, की मला स्वतःचाच अभिमान वाटे. त्या वर्षी एका पानावर त्यांनी लिहिले, भैरू सखाराम. पुढच्या रकान्यात त्याची जात लिहिली. तो शब्द मी इथे सांगणार नाही. का, ते पुढे कळेलच.

भैरूला वर्गात बसवत नसत. तो दाराबाहेर, उंबऱ्यापलीकडे बसे. गुरुजीच बसवत. गुरुजी दुष्ट नव्हते, पण गावापुढे त्यांची जीभ उचलत नसे. टेबलावरून मला तो दिसायचा. मान लांब करकरून फळा वाचायचा. चार यत्ता त्याने अशाच काढल्या.

मग १९५६ च्या हिवाळ्यात तो पुन्हा आला. आता तो उंचापुरा गडी झाला होता, अंगात पांढरा सदरा होता. नागपूरला जाऊन त्याने बौद्ध धम्माची दीक्षा घेतली होती. गुरुजी माझ्याच पानांत डोके घालून बसले होते.

"गुरुजी, माझ्या नावाम्होरं ज्यो शबुद हाय, त्यो काळा करून टाका," भैरू म्हणाला. "माझ्या पोराबाळांना त्यो दिसाया नगं."

गुरुजींनी पान काढले. टाक तांबड्या शाईत बुडवला, त्या शब्दावर एकच सरळ रेघ मारली, शेजारी 'बौद्ध' लिहिले आणि सही करून तारीख घातली.

"आवो, पन वाचता येतंय की!"

"वाचता आलंच पाहिजे. वहीत गिरगटून खोडायचं नसतं. एक रेघ, शेजारी सही. नियम आहे."

"म्हंजे त्यो शबुद ऱ्हानारच," भैरू म्हणाला आणि तरातरा निघून गेला. मला फार वाईट वाटले. दौत कलंडावी आणि तो शब्द एकदाचा बुडून जावा, असे मला तेव्हा मनापासून वाटले होते. पण वहीला हात कुठे असतात!

पुढे माझी पाने भरली. नवी वही आली. गुरुजी निवृत्त झाले, मग वारले. मला एका लोखंडी कपाटात ठेवले आणि शाळेवर मजला चढल्यावर कपाट जिन्याखाली सरकवले. उसाचे फड गेले, तिथे इमारती उभ्या राहिल्या. शाळेच्या त्याच जुन्या वर्गात संगणक आले, त्यांना निळे पडदे आले. मुलांनी चपला बाहेर काढून, हात धुऊन संगणकाला भेटायला जायचे. माझ्याकडे मात्र अकरा वर्षे कोणीही आले नाही. मला खूप एकटे वाटायचे. शेकडो मुलांची नावे पोटात घेऊनही एकटे वाटते, हे मी अनुभवाने सांगते.

२००४ साली कपाट रिकामे करायचे ठरले. मला सुतळीने बांधून रद्दीच्या गठ्ठ्यावर ठेवले. त्याच सकाळी एक मुलगी आणि एक म्हातारे गृहस्थ कार्यालयात आले. गठ्ठा दाराशीच होता, म्हणून मला सारे ऐकू आले.

"मॅडम, उद्या जात पडताळणी समितीपुढे सुनावणी आहे," मुलगी सांगत होती. तिचे नाव मैत्री. "पन्नास सालाच्या आधीचा जातीचा पुरावा दिला नाही तर माझी इंजिनिअरिंगची ॲडमिशन कॅन्सल होईल. आजोबा इथे शिकले. अडतीस साली. भैरू सखाराम."

कार्यालयातल्या क्लार्क पद्मजाबाई म्हणाल्या, "हा संगणक आहे, कुडमुड्या जोशी नाही. पंचाण्णवच्या आधीचं यात काही भरलेलं नाही."

म्हातारे बाकावर टेकले. "भरलं आसतं तरी काय उपेग न्हाई. म्याच खोडाया लावलं हुतं, पोरी. खोडलेला शबुद समिती कशाला मानंल? तुझं वाटुळं म्या माझ्या हातानं केलं."

मला ओरडावेसे वाटत होते. मी इथे आहे! पण ओरडणार कशी? पद्मजाबाई तोंडाने कडक, तरी उठल्या. स्वतः सुतळी सोडून त्यांनी मला टेबलावर घेतले आणि बोट लावून एकेक नाव पाहू लागल्या. एका ओळीवर बोट थांबले.

"रेघ आहे," त्या म्हणाल्या, "पण खालचं स्वच्छ वाचता येतंय. सही आहे, तारीख आहे. मूळ नोंद अडतीसचीच. आत्ता उतारा देते."

मैत्री रडायलाच लागली. आजोबांनी त्या रेघेवरून हळूच बोट फिरवले. "आठ्ठेचाळीस वर्सं गुरुजींवर राग धरला," ते म्हणाले. मग त्यांनी मान वळवली. त्यांना आनंदही झाला होता आणि तो शब्द पुन्हा बघावाही लागला होता. म्हणून तो मी तुम्हाला सांगत नाही. ज्याने तो शब्द टाकून दिला, त्याच्या पाठीमागे तो माझ्या तोंडून यायला नको.

समितीने पुरावा मानला. काही दिवसांनी दोघे पेढे घेऊन आले. आता मी कार्यालयातल्याच कपाटात होते, आणि कपाट उघडे होते.

"आजोबा, तुम्ही कुठल्या वर्गात बसायचात?" मैत्रीने विचारले.

आजोबांनी संगणकाच्या खोलीकडे बोट दाखवले. दाराबाहेर मुलांच्या चपलांचा ढीग होता. "तितं," ते म्हणाले. "चपला हायेत न्हवं, तितं."



मित्रांनो, जुन्या वह्या रद्दीत घालण्याआधी एकदा उघडून बघा, एवढीच माझी विनंती आहे. आणि आमच्यावरच विसंबू नका, घरच्या म्हाताऱ्यांनाही विचारा. माझ्यात सहा रकाने आहेत, पण मूल कुठे बसायचे, याचा एकही नाही. ते फक्त भैरू आजोबांना माहीत आहे, आणि आजोबा आता बहात्तर वर्षांचे आहेत.