माझ्या पोटातले तीन तुकडे

मित्रांनो, मी बोटीचं एक जुनं इंजिन आहे. नुसतं जुनं नव्हे, दमलेलंही आहे. किल्ली फिरवली की पहिल्या हाकेला उठायचे दिवस केव्हाच गेले. आता दोन-तीनदा खोकतो, थोडा धूर सोडतो आणि मग कामाला लागतो. तेव्हा माझ्या गोष्टीत पराक्रम शोधू नका. तुम्हाला वेळ असेल तर ऐका, मी सावकाश सांगतो.

माझी ठेवणच जरा अडचणीची आहे. मी बोटीच्या मागच्या टोकाला, फळ्यांच्या पेटीत बसतो. माझा पाय मात्र बोटीच्या पाठीतून आरपार जाऊन बाहेर पाण्यात लोंबतो आणि त्या पायाला बोट ढकलणारा पंखा असतो. धड आत आणि पाय बाहेर, म्हणजे ना घरचा ना घाटाचा. पाय जिथून बाहेर पडतो तिथे घड्याघड्यांची एक रबरी बाही असते. ती फाटली तर पाणी आत येतं आणि बोट धक्क्याला बांधल्या जागी बुडते. म्हणून माझ्यावर लक्ष ठेवणाऱ्याला कोरडी बाजूही बघावी लागते आणि ओलीही.

आणखी एक सांगून ठेवतो. काम करताना मी फार तापतो. मला गार ठेवायला माझा पायच खाडीचं पाणी ओढून घेतो. त्यासाठी एक पंप आहे आणि पंपात रबराचं एक चक्र आहे, तळहाताएवढं, त्याला आठ पाती. ते फिरतं आणि पाणी माझ्या अंगभर खेळवून बाहेर टाकतं. हे चक्र थांबलं की माझं काही खरं नसतं.

कारखान्यात मला घडवलं तेव्हा मी पांढराशुभ्र होतो. एका भिंतीशी बांधून मला दिवसभर पळवलं आणि पास झाल्याचा शिक्का माझ्या पाठीवर मारला. माझा पहिला मालक हौशी होता. त्याने मला दोन मोसम मिरवलं, पाहुण्यांना झाकण उघडून दाखवलं. तिसऱ्या मोसमात त्याची हौस फिटली. मग चार वर्षं मी ताडपत्रीखाली पडून होतो. अंगातलं खारं पाणीसुद्धा कोणी काढलं नव्हतं. राबून झिजणं मला मान्य आहे, पण पडून गंजणं फार वाईट. त्या चार वर्षांबद्दल मी कधीच नीट बोलू शकत नाही.

तिथून मला उचललं ते ताईने आणि तिच्या दादाने. ताई बोट चालवते, दादा मेस्त्री. खाडीच्या अलीकडे वस्ती आहे, पलीकडे बाजार, शाळा आणि मोठं हॉस्पिटल. रस्त्याने जायचं तर अर्धा दिवस मोडतो, ताईच्या बोटीने वीस मिनिटं लागतात. धक्क्यावरचे सगळे तिला ताई म्हणतात, तिच्यापेक्षा दहा वर्षांनी मोठेसुद्धा. दादा मात्र तिला चिमी म्हणतो. चिमी पंचेचाळीस वर्षांची आहे, पण हे त्याला कोण सांगणार?

दादाने मला सहा महिने उघडून ठेवलं होतं. त्याची एक पद्धत होती. आधी फळीवर पांढरं फडकं अंथरायचं. काढलेली प्रत्येक वस्तू त्यावर ओळीने मांडायची. एखादी वस्तू तुटलेली निघाली तर तिचे तुकडे जुळवून ती पुरी करायची. एक जरी तुकडा कमी पडला तरी तो विचारायचा, "हा गेला कुठे?" आणि तो सापडेपर्यंत बोट पाण्यात उतरत नसे. एकदा स्प्रिंगच्या नखाएवढ्या तुकड्यासाठी त्याने सगळ्यांना दुपारपर्यंत उपाशी ठेवलं होतं. तुकडा शेवटी त्याच्याच चपलेत सापडला. ताई तेव्हा हसून हसून लोळली आणि ही शिस्त तिच्याही अंगात मुरली.

लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक माझ्या अंगाला लावून दांडा कानाशी धरला की दादाला माझ्या आतलं सगळं ऐकू यायचं. कुठली झडप सैल आहे, कुठलं बेअरिंग कुरकुरतंय, तो नुसता ऐकून सांगायचा. दर मोसमात माझ्या पायातलं तेल बदलायचा. त्या तेलाला दुधाचा रंग आला की समजायचं, कुठूनतरी पाणी शिरतंय. पंधरा वर्षं अशी गेली. लोक म्हणायचे, ताईची बोट सुटली की घड्याळ लावून घ्या. नर्सबाई रोज पहिल्या फेरीला येते, ती उतरताना माझ्या झाकणावर हलकेच थाप मारायची. मला ते फार आवडायचं, खोटं कशाला बोलू?

मग गेल्या वर्षापासून दादा बदलला. तो नट डोळ्यांनी बघेना, बोटांनी चाचपू लागला. तेल ओतताना एकदा ते बाहेर सांडेपर्यंत ओतत राहिला. तेलाची काडी उन्हात धरून ताईला विचारायचा, "रंग कसा वाटतो तुला? सांग बघू." ताईला वाटायचं, दादा आपली परीक्षा घेतोय. ती खुशीत उत्तर द्यायची. परीक्षा नव्हती ती, मित्रांनो. त्याला रंग दिसत नव्हता. दोन्ही डोळ्यांवर पडदा आला होता आणि हे त्याने घरात कोणालाही कळू दिलं नव्हतं. ज्याच्या हाताला सगळा धक्का मानतो त्या माणसाने, मला दिसत नाही, असं कोणत्या तोंडाने सांगावं? मला कळत होतं, कारण त्याची बोटं माझ्यावर फिरत होती. पण मला तोंड नाही.

एक दिवस भर खाडीत प्लास्टिकची पिशवी माझ्या पायाच्या तोंडाला चिकटली. पाणी बंद झालं. रबराचं चक्र कोरडं फिरलं आणि दोन मिनिटांत जळलं. मी तापल्याचा भोंगा वाजताच ताईने मला बंद केलं, पिशवी काढली आणि हळूहळू बोट धक्क्याला आणली. दादा आला. त्याने वाकून, चाचपून दहा मिनिटांत नवं चक्र बसवलं. जुनं काढून बाकाखालच्या खिळ्यांच्या डब्यात टाकलं. त्या दिवशी त्याने फडकं अंथरलं नाही. अंथरून तरी काय दिसणार होतं?

जुन्या चक्राची तीन पाती मोडून पाण्याबरोबर पुढे वाहत गेली होती. माझ्या कुशीत पितळी कूलर आहे, त्यात बारीक नळ्यांची जुडी आहे. ती तीन पाती त्या जुडीच्या तोंडाशी जाऊन अडकली. बोट हळू चालली की थोडंफार पाणी वाट काढायचं आणि मी ठीक असायचो. वेग घेतला की मी तापायचो.

इथून माझे हाल सुरू झाले. दादाने थर्मोस्टॅट, म्हणजे गार पाण्याची वाट उघडणारी झडप, बदलला, मी तापलोच. एक्झॉस्टमधलं, म्हणजे धुराच्या नळीतलं मीठ खरवडून काढलं, तरी तापलो. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, अशी गत. तिसऱ्या वेळी तर सकाळच्या पहिल्याच फेरीला, खाडीच्या मधोमध मी बंद पडलो. बोटीत चौदा माणसं होती. तासाभराने दुसरी लाँच आली आणि आम्हाला ओढून घेऊन गेली. नर्सबाईची ड्युटी चुकली. त्या दिवशी झाकणावर थाप पडली नाही. दुसऱ्या दिवसापासून निम्मी माणसं लांबच्या रस्त्याने जाऊ लागली.

त्या संध्याकाळी दादाने निकाल दिला. ब्लॉकला, म्हणजे माझ्या धडालाच, तडा गेलाय, म्हणाला, आता हे इंजिन भंगारात द्यायचं. तडा शोधायची जी तपासणी असते ती त्याने केलीच नाही, कारण मीटरचा काटा त्याला वाचता येत नव्हता.  नवं इंजिन घेणं ताईच्या आवाक्यात नव्हतं. मी गेलो की तिची बोट बंद, आणि मग दुसऱ्याच्या लाँचवर दोऱ्या ओढायच्या. एकदा मी स्वतः उघडून बघू का, हे तिच्या ओठांवर आलं होतं. पण दादाने केलेल्या कामाला पुन्हा हात लावायचा नाही, असं त्या घरात चालत आलं होतं. ती नुसतं "बरं" म्हणाली. मला तिचा राग आला. दादाचाही आला. मग मी इतका दमलो होतो की राग धरणंही जमेना. पंधरा वर्षं माणसं वाहिली, आता वितळवून टाका, असंच मला वाटलं.

दोन दिवसांनी सकाळी दादा मला सोडवायला आला. भंगारवाला दुपारी गाडी घेऊन येणार होता. पायाचे नट निघाले, आता माझे बोल्ट सुटायचे होते. एक बोल्ट गंजून बसला होता, तो सोडवायला जुना पाना शोधताना ताईने बाकाखालचा खिळ्यांचा डबा पालथा केला. त्यातून ते जुनं चक्र घरंगळत बाहेर आलं. ताईने ते उचललं. कितीतरी वेळ ती त्याच्याकडे बघत राहिली. मग तिने दादाकडे बघितलं. तो बोल्ट शोधत माझ्या अंगावरून भलतीकडेच हात फिरवत होता.

ती त्याच्याशेजारी उकिडवी बसली. ओरडली नाही, दोष दिला नाही. त्याचा हात उलटा करून तिने ते चक्र त्याच्या तळव्यावर ठेवलं.

"दादा, मोज ना जरा."

दादाचा अंगठा पात्यांवरून फिरू लागला. एक, दोन, तीन, चार, पाच. मग नुसते खुंट. त्याने पुन्हा पहिल्यापासून मोजलं. आयुष्यभर तुकडे मोजलेला माणूस तो, त्याला समजायला वेळ लागला नाही.  

"तीन आत आहेत," तो म्हणाला. "चिमे, मला दिसत नाही गं. वर्ष झालं."

ताई रडेल असं मला वाटलं. तिने डोळे पुसले खरे, पण आवाज साधाच ठेवला.

"मग तू सांग, मी बघते."

आणि मित्रांनो, दोघांनी मिळून मला उघडलं. कुठला पाईप आधी, कुठला नंतर, हे तो सांगत होता आणि ती करत होती. कूलरचं तोंड उघडताच तिला रबराचे काळे तुकडे दिसले. बारीक चिमट्याने तिने एकेक ओढून काढला आणि फडक्यावर चक्राशी जुळवला. आठ पाती पुरी झाली. मग तिने तडा शोधायची तपासणीही केली. मीटरवरचा आकडा ती मोठ्याने वाचत होती आणि दादा डोळे मिटून ऐकत होता. ब्लॉक शाबूत होता. एका सिलिंडरचा दम मात्र कमी झालाय, तीनदा भाजल्याची ती खूण आता जन्माची. त्याला कोणी काही करू शकत नाही. दुपारी भंगारवाला आला आणि चहा पिऊन परत गेला.

माझा पाय पुन्हा जोडला, नवी रबरी बाही चढवली. दोन दिवस रिकामी बोट पळवून बघितली. तिसऱ्या दिवशी पहिल्या फेरीला लोक आले, पण धक्क्यावरच घुटमळत राहिले. नर्सबाईने विचारलं की इंजिन बदललं का. ताई काहीतरी सारवासारव करणार होती. तेवढ्यात दादा बाकावरून उठून उभा राहिला. वर्षानुवर्षं हे सगळे त्याच्या शब्दावर बोटीत बसत आले होते.

"इंजिन तेच आहे आणि ते चांगलं होतं," तो म्हणाला. "चूक माझी झाली. मला डोळ्यांनी दिसत नाही आणि मी ते लपवलं. आता काम ताईने केलंय, मी नाही. बसायचं तर बसा."

 मग नर्सबाई आत आली आणि दादाच्या शेजारी बसली. तिच्या मागोमाग बाकीचे आले. वाटेत ती त्याला हळू आवाजात काहीतरी सांगत होती, डोळ्यांच्या विभागात सकाळी गर्दी कमी असते असं काहीसं. मी तापलो नाही. धापा टाकत का होईना, सगळ्यांना पलीकडे नेलं.

पलीकडच्या धक्क्याला ताईने मला बंद केलं. माणसं उतरली. दादा बोटीच्या काठाशी येऊन थांबला. बोट आणि धक्का यांच्यात हातभर फट होती आणि ती त्याला दिसत नव्हती. वर्षभर तो ही फट पायाने चाचपत, कोणाला कळू न देता ओलांडत आला होता. त्या दिवशी त्याने पाय पुढे टाकला नाही. त्याने हात पुढे केला आणि म्हणाला, "चिमे, हात दे."

एवढीच माझी गोष्ट. तुम्ही म्हणाल, यंत्रांची काळजी घ्या असं सांग. सांगतो ना. तेल बघा, रबर बघा, पाण्यात पिशव्या टाकू नका. पण मी तापलो तर माझा काटा वर चढतो, भोंगा वाजतो, सगळी बोट धावत येते. दादा वर्षभर माझ्याशेजारी बसून होता आणि कुठेच काही वाजलं नाही. तुमच्या घरात सगळ्यांचं सगळं नीट करणारं जे कोणी असेल, त्याला एकदा जवळ बसून विचारा, तुला बरं आहे ना? तो हो म्हणेल. थोडं थांबा आणि पुन्हा विचारा.