गुडघाभर पाणी

रामनाथने वाळूत पाठ टेकली आणि सरकत सरकत ट्रेलरखाली गेला. बोटीच्या बुडाला मागच्या बाजूला लोखंडी जाळी होती. जाळीच्या फटीतून त्याने बोटं आत घातली. पंखा हाताला लागला, पण खूप आत, नळीच्या पोटात. बाहेर काहीच नव्हतं. बूड ताटासारखं सपाट होतं.

"पंखा नाय?" बाहेर चंदर एजंटला विचारत होता. "मग चालते कशावर? मंतरून?"

"खालून पाणी ओढते आणि मागून फेकते," एजंट म्हणाला. "जेट आहे ती, जेट. विमानासारखी."

"मग विमानच घ्या ना साहेब. गिऱ्हाईक वरच लटकवू."

श्यामकांत हसला. मढच्या किनाऱ्यावर नव्याने निघालेल्या क्लबचा तो मॅनेजर. राहायला मुलुंडला, पायांनी काटकुळा आणि पोटाने सुटत चाललेला, पण पाण्यावरच्या स्कीचं भारी वेड. दिवाळीनंतर सीझन सुरू करायचा होता आणि क्लबकडे अजून बोट नव्हती. एजंटने दोन बोटी दिवसभरासाठी आणून ठेवल्या होत्या. एक ही पांढरी जेट. दुसरी निळी, बसकी, खाली पंखा आणि सुकाणू असलेली. निळी फक्त स्की करणाऱ्याला दोराने ओढण्यासाठीच बांधलेली होती. मालक दोन्हींपैकी एकच घेणार होता. कोणती ते त्याने श्यामकांतवर सोडलं होतं आणि श्यामकांतने रामनाथवर. चालवायची त्यालाच होती.

"हिला पाणी किती लागतं?" रामनाथने खालूनच विचारलं.

"गुडघाभर पुरे," एजंट म्हणाला. "ओहोटीला पण बिनधास्त. डबक्यात चालवा."

ट्रेलरखालून रामनाथला फक्त पाय दिसत होते. एजंटचे बूट, श्यामकांतच्या स्लिपरा, चंदरचे अनवाणी पाय. चंदरचे पाय वळले आणि पाण्याच्या दिशेने चालत गेले.

चंदर रामनाथच्या बायकोचा धाकटा भाऊ. मंजुळाचं माहेर मढचं. वैशाखात ती गेली. त्यानंतर रामनाथने आपल्या बोटीतला हिस्सा चुलतभावाला दिला. वर्सोव्याचा तांडेल, बोटीचा म्होरक्या, म्हणून अख्खा कोळीवाडा त्याला ओळखायचा, पण मासेमारीला पुन्हा जायचं त्याच्या मनात येईना. पावसाळा संपला तशी त्याने ही नोकरी धरली. चंदर इथे आधीपासून होता. स्कीच्या बोटीवर दोन माणसं लागतात. एक पुढे बघून बोट चालवतो आणि दुसरा मागे तोंड करून दोरावरच्या माणसाकडे बघत राहतो. भाड्याच्या बोटीवर सराव चालायचा तेव्हा दोघे असेच बसायचे, पाठीला पाठ. चंदर दिवसभरात रामनाथशी दोनच शब्द बोलायचा. "उभा" आणि "पडला". 'भावोजी' अशी हाक त्याने वैशाखापासून मारली नव्हती.

आधी निळी काढली. भरतीचं पाणी चढत होतं. श्यामकांत स्की बांधून पाण्यात बसला. रामनाथने रेस दिली तशी बोटीने नाळ, म्हणजे पुढचं टोक, जराही वर न उचलता ओढ घेतली. दोर ताणला.

"उभा," चंदर म्हणाला.

बोट आखल्यासारखी सरळ चालली. मागे लाट उठायची ती बुटकी, मऊ. वळणावरसुद्धा चाकाला जे सांगावं तेच ती करायची. श्यामकांत एक हात सोडून किनाऱ्याकडे बघून हलवत होता. किनाऱ्यावर एजंटशिवाय कोणी नव्हतं, तरी हलवत होता.

मग जेट. जेटची ओढ जोरदार होती, पण शेपूट जागेवर राहत नव्हतं. रेस जरा कमी केली की चाक नुसतं हातात फिरायचं. पाणी मागे फेकलं जात असेल तेवढा वेळच ती ऐकायची.

"पडला," चंदर म्हणाला. थोड्या वेळाने पुन्हा म्हणाला. मग नुसतं हूं म्हणायला लागला.

श्यामकांत किनाऱ्याला आला तेव्हा नाकातोंडातून पाणी गळत होतं.

"अर्धी खाडी प्यायलो मी, रामनाथ. निळीच घ्यायची, प्रश्नच नाही. काय?"

रामनाथ दोर गुंडाळत होता. त्याने आणखी दोन वेटोळी घातली.

"जेट घ्या, साहेब."

"काय?"

"हात बसला की जमेल."

श्यामकांतने टॉवेल खाली घेतला. "अहो, इथे माणूस उभा राहत नाही तिच्यामागे."

"ओहोटीला चालेल ती. गुडघाभर पाण्यात."

"ओहोटीला कोण येणार आहे स्की करायला?"

"कुणाला काय झालं तर," रामनाथ म्हणाला. "इथनं पलीकडे न्यायला."

रामनाथची बायको गेली एवढंच श्यामकांतला ठाऊक होतं. कशी, ते त्याने विचारलं नव्हतं. त्याने चंदरकडे बघितलं. चंदर स्कीच्या पट्ट्यांतली वाळू झटकत होता, फार मन लावून.

"हे बघा," श्यामकांत म्हणाला, "संध्याकाळी तुम्ही म्हणाल तीच मालकाला सांगीन. पण बोट चुकली तर सीझन गेला. मग तो क्लबला कुलूप लावील आणि आपण तिघेही घरी. तुम्ही इंजिनाबद्दल मला आजवर खोटं सांगितलेलं नाही, म्हणून विचारतो."

"ओहोटीला एकदा नेऊन बघतो," रामनाथ म्हणाला.

दुपार कलली तसं पाणी उतरत गेलं. खाडीच्या तोंडाशी वाळूचा लांब पट्टा आहे. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास ओहोटीला तो वर डोकावतो आणि मढ-वर्सोवा फेरीबोटसुद्धा तेवढा वेळ लांबून वळसा घालते. आज प्रतिपदा होती. पट्ट्याच्या टोकाला कोळ्यांनी रोवलेला बांबू उघडा पडायला लागला होता. त्या बांबूजवळून रामनाथ वैशाखापासून गेला नव्हता. भरती असली तरी तो बोट लांबून काढायचा.

त्या दिवशी मंजुळा माहेरी होती. दुपारपासून तिच्या छातीत दुखत होतं. रामनाथ पोचला तेव्हा तिन्हीसांज होत आली होती. चंदर म्हणाला होता, टेम्पो बघतो, मालाडवरून रस्त्याने नेऊ. रामनाथ म्हणाला होता, एवढा मोठा फेरा कशाला, पाणी आता फिरलंय, खाडी ओलांडली की अंधेरीचं हॉस्पिटल. पण पाणी फिरलं नव्हतं. अजून उतरतच होतं. बांबूजवळ बोट वाळूत रुतली. दोघांनी खाली उडी मारून ढकलली, खांदे लावले, ती हलली नाही. पाणी वर यायच्या आत मंजुळा गेली.

तांडेल माणूस पाण्याची वेळ चुकला. कोळीवाड्यात त्याला कोणी काही म्हणालं नाही. म्हणायची गरजच नव्हती.

रामनाथ जेटमध्ये चढला. चंदर न सांगता येऊन आपल्या जागेवर बसला, मागे तोंड करून.

रामनाथने पूर्ण रेस दिली आणि नाळ सरळ बांबूकडे धरली. बोट पाण्याला टेकतच नव्हती. पट्ट्यावर जेमतेम गुडघाभर पाणी होतं, खालची वाळू पिवळी दिसत होती. बुडाखाली धपाधप आपटलं, दोनदा चंदर जागेवरून उडाला आणि पट्टा मागे पडला. पलीकडे वर्सोव्याचं खोल पाणी होतं. वाळत घातलेल्या बोंबलांच्या रांगा स्पष्ट दिसायला लागल्या.

रामनाथने रेस सोडली.

"बघितलंस?" तो म्हणाला. "गेली. बघितलंस ना?"

चंदर कंबर चोळत होता. त्याने मान वळवली.

"अशी नेली असती तिला?"

रामनाथने वळून मागे पडलेल्या पट्ट्याकडे बघितलं.

"मला धडधाकट माणसाला हाड न् हाड कळलं. छातीत दुखत असलेल्या बाईला अशी नेली असती?"

इंजिन नुसतं गुरगुरत होतं. बोट आपली आपण आडवी होत होती. मग रामनाथने बोट वळवली.

"हळू नेतो," तो म्हणाला.

चंदर उठला. आपली जागा सोडून तो बोटीच्या तळाला बसला, पाय लांब केले आणि डोकं मागच्या बाकाच्या कडेला टेकवलं. मंजुळाला त्या दिवशी असंच ठेवलं होतं, डोक्याखाली जाळ्याची घडी घालून. रामनाथने एकदा मागे बघितलं आणि पुन्हा पुढे बघितलं.

आजारी माणूस असल्यावर बोट जशी न्यावी तशी त्याने नेली. लाट आली की रेस कमी, लाट गेली की थोडी जास्त. कमी केली की चाक ऐकत नव्हतं, नाळ डावीकडे झुकायची. मग पट्टा आला. बुडाखाली आधी खरखर झाली, मग इंजिनाचा आवाज एकदम चढला, रिकाम्या भांड्यात ओरडल्यासारखा. बोट पुढे जाईना. रामनाथने रेस वाढवली. आवाज वाढला आणि मागून पाण्याऐवजी नुसती वाळू उडाली. त्याने इंजिन बंद केलं.

बांबू हाताच्या अंतरावर होता.

चंदर खाली उतरला. पाणी बरोबर त्याच्या गुडघ्याला लागत होतं. त्याने बुडाखाली हात घालून जाळी चाचपली आणि एक प्लॅस्टिकची पिशवी ओढून काढली, मग काथ्याचा गुंता, मग ओंजळभर वाळू. ते सगळं त्याने बोटीच्या काठावर ठेवलं.

"घ्या," तो म्हणाला. "गुडघाभर पाणी."

रामनाथने ते बघितलं. काथ्याचा गुंता उचलून तो सोडवायला लागला, जणू कोणाला परत द्यायचा होता. मग त्याचे खांदे हलायला लागले. आधी चंदरला वाटलं तो हसतोय.

चंदर बोटीला धरून उभा राहिला. त्याने ढकलून बघितलं नाही. पाणी यायला वेळ होता.

"ही पण रुतली असती," रामनाथ म्हणाला. चेहरा त्याने सदऱ्याच्या बाहीने पुसला.

"हां."

"मी पाच महिने झाले हेच करतोय. पंखा नसता तर, बूड सपाट असतं तर."

"तो एजंट बोलला तेव्हाच मला कळलं, तुमच्या डोक्यात काय येणार ते."

ओहोटीचं पाणी बांबूभोवती वळून जात होतं. वर्सोव्याच्या बाजूला कोणीतरी कोणाला जेवायला हाका मारत होतं.

"ती घरी नव्हती ना रे त्या आठवड्यात," रामनाथ म्हणाला.

"कोण, ताई?"

"पाण्याचा हिशोब तिथीवर, आणि तिथी ती सांगायची. रोज सकाळी चहा ठेवताना भिंतीवरचं कॅलेंडर बघायची आणि सांगायची. आज अमुक, क्षय असेल तर तेही. मी कधी स्वतः बघितलंच नाय. लग्न झाल्यापासून." तो थांबला. "ती इथं माहेरी. मी बोटांवर मोजली. पौर्णिमा, प्रतिपदा, म्हणून आज द्वितीया. द्वितीयेचा क्षय होता, ती तिथी गळालेली. तृतीया लागलेली. पाणी तासभर उशिरानं फिरणार होतं."

चंदर त्याच्याकडे बघत होता. असं समोरासमोर त्याने बऱ्याच दिवसांत बघितलं नव्हतं.

"हे आईला सांगितलंत?"

"काय सांगायचं? मरणाऱ्या बाईनं तिथी सांगितली नाय म्हणून चुकलो, असं?"

बऱ्याच वेळाने पाणी चंदरच्या मांडीला लागलं, तेव्हा त्याने बोटीला खांदा दिला.

किनाऱ्यावर श्यामकांत एजंटला चहा पाजत थोपवून बसला होता. अंधार पडायला आला होता.

"निळी घ्या, साहेब," रामनाथ म्हणाला.

"सकाळी तर जेट म्हणालात."

"आपलं काम स्कीचं. निळी त्यासाठीच बांधलेली हाय. त्या जेटला सगळं जमतं म्हणतात, पण तसं काय नसतं."

"आणि कुणाला काही झालं तर?"

"रस्त्यानं न्यायचं. एक जीप ठेवायला सांगा मालकाला. पेट्रोल भरून, तोंड रस्त्याकडे करून."

श्यामकांतने मान डोलावली. ट्रेलर जेटला घेऊन गेला तेव्हा रामनाथ निळीच्या पंख्याला ग्रीस लावत बसला होता. वळून बघितलं ते चंदरने.

दोन दिवसांनी मालकाचा होकार आला. सकाळी रामनाथ पलीकडून फेरीने आला तर चंदर आधीच बोटीत. नाळेवर हळदीकुंकवाची बोटं ओढलेली होती आणि खाली नारळाची शेंडी पडली होती.

"कुणी केलं?" रामनाथने विचारलं.

"आई येऊन गेली."

अंजनाबाई, मंजुळाची आई, जावयाला मुलीच्या बाराव्याला शेवटची भेटली होती. तेव्हाही पदराआडून, न बोलता.

"थांबली नाय?"

"बाजार होता तिचा."

रामनाथने नाळेला हात लावून हात कपाळाला टेकवला आणि चाकामागे बसला. श्यामकांत अजून किनाऱ्यावर स्कीशी झटापट करत होता. चंदर आपल्या जागेवर गेला, मागे तोंड करून बसला आणि दोर सोडायला लागला. दोर सोडता सोडता, न वळता, तो म्हणाला,

"भावोजी, आज तृतीया हाय. चवथीचा क्षय, उद्या एकदम पंचमी. आईनं सांगायला सांगितलंय."

रामनाथने बोटांवर मोजलं नाही. "बरं," तो म्हणाला आणि इंजिन चालू केलं.