डुलकीने निवडलेली ओसरी

मी एक जुनी कापडी ओसरी आहे. मित्रांनो, तुम्ही म्हणाल, कापडाची ओसरी कधी कुणी पाहिली आहे का? ओसरी तर घराला असते. अगदी बरोबर. पण माझे घर चाकांवर चालते. मोटारीमागे जोडून हवे तिथे न्यायच्या त्या घराला कॅराव्हॅन म्हणतात, आणि ते मुक्कामाला थांबले की त्याच्या दाराबाहेर मला उभे करतात. दुकानात माझे नाव ‘ऑनिंग’ होते. तो शब्द उच्चारताना आमच्या घरच्या म्हाताऱ्या आबांची कवळी हलायची, म्हणून त्यांनी मला ओसरी म्हटले. मीही मग तेच नाव लावू लागले.

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. तिथले टेबल एवढे मोठे होते की माझ्या एका टोकाला काय चालले आहे, याचा दुसऱ्या टोकाला पत्ता नसे. कात्री फिरली, मशिनी घरघरल्या आणि एका बाईने माझ्या वरच्या कडेत जाड दोरी घालून ती पक्की शिवून टाकली. कॅराव्हॅनच्या छताजवळ एक बारीक पन्हळ असते. तीत ही दोरी ओवली की मी घराला अशी चिकटते की वाऱ्याच्या बापालाही सुटत नाही. समोरच्या बाजूला मला एक भला मोठा पडदा आहे. तो गुंडाळून वर बांधला की समोर काही अडसरच उरत नाही.

कारखान्यातून मी थेट दुकानात आले. तिथे आम्ही सगळ्या उभ्या मांडलेल्या होतो. वर पत्रा, खाली फरशी. लोक आकाश आकाश म्हणतात ते या पत्र्यालाच, अशी माझी समजूत होती.

एका सकाळी एक कुटुंब आमच्याकडे आले. एक गाड्या दुरुस्त करणारा मेकॅनिक. त्याची बायको घराघरांतले पडदे शिवणारी. त्यांची मुलगी ठकी, तिच्या तोंडाला जरा विश्रांती नव्हती. आणि सगळ्यांच्या मागे, पाठीमागे हात बांधून, मेकॅनिकचे वडील, म्हणजे आबा. मेकॅनिकने कुणाची तरी मोडकळीस आलेली कॅराव्हॅन घेऊन, हाताने ठोकूनठाकून उभी केली होती. त्यांची ती पहिलीच. तिच्यासाठी ओसरी निवडायची होती.

हे सगळे आबांसाठी चालले होते. आबा जन्मभर एका मोठ्या कचेरीत लिफ्टमन होते. “प्रवास पुष्कळ केला मी, पण सगळा उभा,” असे ते हसत सांगायचे. पण एकदा त्यांची लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये बंद पडली आणि सबंध दुपार ते आत एकटे अडकून राहिले. ते बाहेर आले, पण भीती आतच राहिली. तेव्हापासून दार लावलेल्या खोलीत त्यांचा श्वास कोंडायचा. घरीही ते गॅलरीत झोपत. नव्या कॅराव्हॅनमध्ये अंगणातच त्यांना आडवे करून पाहिले, तर थोड्याच वेळात घामाघूम होऊन बाहेर आले आणि म्हणाले, तुम्ही जाऊन या, झाडांना पाणी घालायला कुणीतरी हवंच ना. त्यांच्या घरी झाड म्हणजे कुंडीतला एकुलता एक निवडुंग. त्याला महिनाभर पाणी नसले तरी तो कुरकुर करत नाही.

म्हणजे आबा येणार की घरी राहणार, हे आता ओसरीवर ठरणार होते. आणि ओसऱ्या तर दुकानात डझनावारी.

मेकॅनिकला गुंडाळी होणारी आवडली, दांडा फिरवला की झाले. ठकीचा जीव लाल रंगाच्या ओसरीवर जडला. दुकानदार हवा भरून फुगवायच्या ओसरीचे गुणगान करता करता थकत नव्हता. पडदेवालीने कुणाचेच ऐकले नाही. ती प्रत्येकीचे कापड चिमटीत धरून चोळून बघे, शिलाई उलटी करून टाके तपासे आणि मग आबांना आत बसायला सांगे. आबा आत जात, छताकडे बघत, इकडे तिकडे बघत आणि बाहेर येऊन म्हणत, छान आहे. सगळ्याच छान. सून मान हलवून पुढच्या ओसरीकडे वळे.

माझी पाळी आली. दुकानदाराने माझा पडदा वर बांधला, आत खुर्ची ठेवली. आबा बसले. बाहेर मेकॅनिक आणि दुकानदार यांची घासाघीस रंगली आणि थोड्या वेळाने माझ्या पोटातून एक खर्जातला आवाज येऊ लागला. आबा घोरत होते. भर दुकानात, भर गिऱ्हाइकांत! मेकॅनिक त्यांना उठवायला निघाला, तशी बायकोने त्याचा हात धरला.

“अहो, झोपू द्या त्यांना,” ती म्हणाली. “हीच घ्यायची.”

मित्रांनो, एखाद्याची पसंती अशीही कळते. त्या घोरण्याने माझा ऊर भरून आला.

पण याच वेळी एक घोटाळा झाला. माझ्या जातीच्या ओसऱ्या लहान-मोठ्या मापांत येतात. कॅराव्हॅनचे माप जमिनीपासून वर, छताच्या कडेने पुढे आणि पुन्हा खाली जमिनीपर्यंत, असे अगदी नेमके धरायचे असते. पडदेवालीने ते स्वतः घेतले होते. आता पडदे शिवणाऱ्या बाईचा हात. पहिल्या धुण्यात कापड आटते म्हणून ती प्रत्येक पडद्याला वीतभर सैल धरते. इथेही तिने सवयीने तेच केले आणि तिच्या ध्यानीमनीही आले नाही. दुकानदाराने त्या मापाची ओसरी म्हणून मलाच बांधून दिले.

पहिला मुक्काम समुद्रकाठी होता. मला पिशवीतून बाहेर काढले आणि मी वर पाहिले. वर पत्रा नव्हता. मित्रांनो, ते कसे सांगू तुम्हाला? मी आपल्या रुंदीचा फार तोरा मिरवत असे. त्या आकाशाखाली माझा सगळा तोरा उतरला. माझ्यासारख्या कितीही ओसऱ्या जोडल्या तरी त्याचा एक कोपरा झाकला नसता.

मला उभे केले, पण मी काही केल्या ताठ बसेना. खांब ताणले, खुंट्या पुन्हा ठोकल्या, तरी छताला झोळ तो झोळच. दुपार कलली आणि पावसाची भुरभुर सुरू झाली. झोळात पाणी साचले. मी हळूहळू खाली झुकू लागले. माझ्या खाली खाटेवर आबा पडले होते. मला सावरता येईना. त्यांनी डोळे उघडले, खाली येणारे छत पाहिले आणि त्यांच्या चेहऱ्याचा रंगच उडाला. ते उठले, आपली पिशवी घेतली आणि पावसात जाऊन उभे राहिले. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

“सूनबाई, उद्या मला घरी सोडा,” ते म्हणाले. “तुम्ही राहा. माझ्यापायी तुमचा विरस नको.”

पडदेवाली माझ्याखाली आली. मग तिने हाताने माझा झोळ मापला. बरोबर एक वीत.

“आबा, ही माझी चूक आहे,” ती म्हणाली. “कापड आटेल म्हणून मी सैल धरलं. उजेड आहे तोवर मला वेळ द्या. मग जायचं म्हणालात, तर मी स्वतः सोडायला येईन.”

मेकॅनिकने झाडूच्या दांड्याने माझ्या पोटातले पाणी बाहेर ढकलले. ठकीने दोरा ओवून दिला, आणि ती चक्क गप्प बसली. पडदेवाली स्टुलावर चढली. तिने छताच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जादा कापड दुमडून घेतले आणि जाड सुईने टाके घालायला सुरुवात केली. प्रत्येक टाका मला बोचत होता, पण प्रत्येक टाक्यासरशी मी वर उचलली जात होते. तिच्या बोटाला रक्त आले, ते तिने पदराला पुसले. शेवटची गाठ मारून ती खाली उतरली तेव्हा मी ताठ उभी होते. टाक्यांवरून मेण घासले, तसे सुईच्या भोकांतून पाणी ठिबकायचे थांबले. आबा आत आले. त्यांनी काठीच्या टोकाने छत ठोकून पाहिले, दोनदा पाहिले, आणि खाटेवर आडवे झाले.

पहाटे पडदेवालीने माझा पडदा गुंडाळून वर बांधला. पाऊस गेला होता. आणि समुद्रही गेला होता! आदल्या दिवशी जिथे लाटा आपटत होत्या, तिथे नजर पोचेल तिथवर ओली, चकचकीत वाळू पसरली होती. ओहोटीने सगळे पाणी क्षितिजाशी नेऊन ठेवले होते. त्या ओल्या वाळूत सबंध आकाश उतरले होते, वर गुलाबी, खाली गुलाबी, आणि मधून पक्ष्यांची एक लांब रांग आवाज न करता चालली होती. ते पाहून मी फडफडायचीही विसरले.

आबा खाटेवर उठून बसले होते. त्यांची छाती भात्यासारखी वरखाली होत होती, पण घाम नव्हता.

“सूनबाई,” ते म्हणाले, “ह्याला कुठेच दार नाही गं.”

मग ते अनवाणी चालत निघाले. त्या वाळूवरून पुढे, आणखी पुढे, ठिपक्याएवढे होईपर्यंत. पडदेवाली माझ्या खांबाला धरून रडत होती. एवढ्या मोठ्या जगात एवढासा माणूस इतका मोकळा चालू शकतो, हे पाहून माझे कापड शहारले.

त्यानंतर आम्ही पुष्कळ हिंडलो. बर्फाचे डोंगर, दूरवर पसरलेले तलाव, वाऱ्याने जागा बदलणाऱ्या वाळूच्या टेकड्या, हे सगळे मी आबांच्या उशाशी उभे राहून पाहिले. मला पाहायला येणारे शेजारचे प्रवासी शिलाईची तारीफ करत आणि पडदेवाली लाजून विषय बदलत असे. पुढे आबा थकले. शेवटच्या मुक्कामी ते आजारी पडले, म्हणून घाईने परतलो आणि भिजलेलीच मी पिशवीत गेले. आबा त्यानंतर फार दिवस राहिले नाहीत. मला उघडायचा कुणाला धीर झाला नाही. अंधारात माझ्यावर काळी बुरशी चढली, कुबट वास येऊ लागला, टाके कुजू लागले. तुमच्या घरच्या छत्र्या, तंबू, ताडपत्र्या अशा ओल्या ठेवू नका, मित्रांनो. आधी उन्हात घाला, मग घडी करा. घाईत असाल, दुःखात असाल, तरीही.

आणि दुसरे एक सांगते. प्रवासाचे नाव काढताच मागे राहायची कारणे शोधणारे एखादे माणूस तुमच्याही घरात असेल. ती कारणे खरी मानून तुम्ही निघून जाऊ नका. त्याला कशाची भीती वाटते, ते जवळ बसून विचारा. मग त्याला श्वास घेता येईल एवढी जागा बरोबर घ्या, आणि त्याला घेऊन निघा.