कुणासाठी कापलं

"कुणासाठी कापलं?" भावोजींनी दारातच विचारलं.

माझ्या हातात डबा होता. त्याला फडकं गुंडाळलेलं होतं, तरी चटका बसत होता.

"आधी आत तर येऊ द्या," मी म्हणालो.

"आधी सांग. तीन गोष्टी बघाव्या लागतात. खाणाऱ्यासाठी जनावर मारलेलं त्याने पाहिलंय का, ऐकलंय का, त्याला तसा संशय आहे का. तिन्हींचं उत्तर नाही असेल, तरच ते मांस शुद्ध."

"ताईसाठी कापलं," मी छाती काढून सांगितलं. "खास तिच्यासाठी. पहाटे कोवळं बोकड बघून निवडलं, नळीची हाडं वेगळी काढली, बायकोने तेव्हापासून चुलीशी बसून सूप उकळलं. आता सरका."

"मग झालं तर," भावोजी म्हणाले. "तिने ऐकलं असणार. संपला विषय."

आणि त्यांच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. ते समाधान माझ्या ओळखीचं होतं. हा माणूस जन्मभर विम्याच्या कचेरीत दावे तपासायला बसला. कुणाचा नवरा मेला, कुणाचा हात यंत्रात गेला, की कागद यांच्या टेबलावर यायचे. हे आधी चष्मा पुसायचे, मग एकेक ओळ बोटाने दाबत वाचायचे, आणि सही चुकलेली सापडली की असेच फुलायचे. कचेरीत त्यांना पाठीमागे 'नामंजूर' म्हणत. मला हे ताईच्या लग्नानंतर कळलं. आधी कळलं असतं तर मी मांडवच पेटवला असता.

निवृत्त झाल्यावर नामंजूर करायला काही उरलं नाही, म्हणून ते विहारात जाऊ लागले. विहाराबद्दल माझं काही म्हणणं नाही. तिथली माणसं शांत असतात, माझ्या मटणाच्या दुकानावरून जाताना नाक मुरडत नाहीत. पण भावोजींनी पंधरा दिवस चीवर नेसलं, भिक्षूंबरोबर राहिले, आणि चीवर परत करून नुसता रुबाब घरी घेऊन आले. त्याआधी दर रविवारी माझ्या दुकानातली नळी या माणसाच्या ताटात असायची. ती ओढल्याचा आवाज बाहेर गल्लीत ऐकू यायचा.

मांस सोडलं ते एक वेळ ठीक. पण तेवढ्यावर भागेल तर ते भावोजी कसले! खरे भिक्षू हिरवं काही स्वतः तोडत नाहीत. बी असलेलं फळसुद्धा आधी दुसऱ्या कुणी नखाने किंवा सुरीने टोचून द्यावं लागतं, मगच ते खातात. तो नियम भिक्षूंचा, घरसंसार सोडलेल्यांचा. यांनी तो पेन्शन घेऊन खुर्चीत बसल्या बसल्या लागू केला. समोर टोमॅटो ठेवायचा आणि म्हणायचं, "योग्य कर." मग ताईने कामावरून उठून यायचं, त्याला सुरीचं टोक लावायचं आणि म्हणायचं, "योग्य आहे." टोमॅटो मारल्याचं पाप, असलंच तर, ताईचं. खाणारे हे.

ताईने तेही केलं. ती शाळेच्या गणवेशांना काजं करायची. आयुष्यभर कापड, सुई आणि पिवळा दिवा. सदरा घालताना बटण जिथे सहज जातं तिथे कुणीतरी डोळे फोडलेले असतात, हे कुणाच्या डोक्यात येत नाही. ताईची तक्रार नव्हती. तिची कशाबद्दलच नव्हती, आणि त्याबद्दल मी तिला बोललोही आहे. "तू डोक्यावर बसवून ठेवलंयस त्यांना," मी म्हणायचो. ती म्हणायची, "बसू दे रे, जड नाहीत ते."

तिच्या पोटाचं ऑपरेशन झालं. आणखी एक व्हायचं होतं. डॉक्टर म्हणाले, अंगात रक्त आणि ताकद आल्याशिवाय दुसऱ्याला हात लावणार नाही, आणि दुसरं झालं नाही तर पहिल्याचा उपयोग नाही. अंडी द्या, मासे द्या, हाडांचं सूप द्या. भावोजींनी मान डोलावली आणि घरी येऊन भाज्यांचं पाणी सुरू केलं. पोटाला टाके असलेल्या बाईच्या पलंगाशी हा माणूस टोमॅटोची ताटली घेऊन उभा राहिलेला मी या डोळ्यांनी पाहिला आहे.

काल ताईचा दुकानात फोन आला. आवाज इतका बारीक, की आधी मला ओळखू आला नाही. "भात आत जात नाही रे," ती म्हणाली. "आई तापात द्यायची तसं सूप आणशील?" उभ्या जन्मात तिने माझ्याकडे मागितलेली ती पहिली गोष्ट.

आणि आता हे दार अडवून उभे.

"भाजीत जीव नसतो का, भावोजी?" मी विचारलं.

"वनस्पतीला चेतना नसते," ते म्हणाले. शिकवायला मिळालं की त्यांचा आवाज नाकात जातो. "पण लोक तिच्यात जीव मानतात, म्हणून भिक्षू ती तोडत नाहीत. विषय सूक्ष्म आहे. तुझ्या धंद्यात तो कळायचा नाही."

"म्हणजे ज्या टोमॅटोला चेतना नाही त्याला तुम्ही जपता. आतल्या बाईला आहे, तिचं काय?"

"विषय भरकटवू नकोस."

"आला का रे?" आतून ताईचा आवाज आला. "वास आला मला."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी खांद्याने त्यांना ढकलणारच होतो, एवढ्यात भावोजींनी माझ्या मागे रस्त्याकडे पाहिलं आणि हात जोडले. विहारातले म्हातारे भिक्षू भिक्षेला निघाले होते. अनवाणी, खाली नजर, हातात पात्र. या दाराशी ते रोज थांबायचे.

भावोजींचे डोळे चमकले. "थांब," ते म्हणाले. "मार्ग निघाला."

त्यांनी डबा माझ्या हातातून काढून घेतला. मला वाटलं, म्हातारबाबांना विचारणार असतील, आणि ते 'खाऊ दे बिचारीला' म्हणतील. म्हणून मी सोडला.

"हे भन्तेंसाठी कापलेलं नाही," भावोजी मला हळू आवाजात समजावू लागले. "त्यांनी पाहिलं नाही, ऐकलं नाही, त्यांना संशय यायचं कारण नाही. तुझ्या ताईसाठी हे अशुद्ध, पण त्यांच्यासाठी शुद्ध. दान तिच्या हातून करू, म्हणजे पुण्यही तिला."

शब्दांचा कीस काढणारी माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत, पण असा कीस कुणी काढल्याचं ऐकलं नव्हतं. ज्याच्यासाठी जीव ओतून केलं त्याने खायचं नाही, बाकी सगळ्या जगाने खावं! मी पुढे सरकेपर्यंत ते आत जाऊन ताईला घेऊनही आले. एका हाताने तिला धरलेलं, दुसऱ्या हातात उघडा डबा. ताई कापडाच्या घडीएवढी झाली होती. तिने डब्यात पाहिलं. वाफ तिच्या तोंडावर आली आणि तिने डोळे मिटले.

"भावोजी, लाज वाटू द्या," मी म्हणालो.

"हळू बोल. भन्ते उभे आहेत."

"ताई, तू नको ऐकूस."

ताईने माझ्याकडे पाहून मान हलवली. भांडू नकोस, एवढंच. मग तिने दोन्ही हातांनी डबा धरला. एक थेंब बाहेर सांडू न देता तिने सगळं सूप पात्रात ओतलं. भिक्षूंनी पात्रात काय पडलं ते पाहिलं, वर पाहिलं नाही. त्यांचा मला राग नाही. पडेल ते घ्यायचं, हे नको ते हवं म्हणायचं नाही, हा त्यांचा धर्म. दारामागे काय चाललंय ते त्यांना कुठून कळणार? त्यांनी ताईला आशीर्वाद दिला. आयुष्य, कांती, सुख आणि बळ. मग ते पुढच्या दाराकडे गेले.

भावोजींनी तीनदा 'साधु' म्हटलं, म्हणजे उत्तम झालं. मग माझ्याकडे वळून, अवघड दावा निकाली काढल्यासारखे, हात झटकत म्हणाले, "बघ, कुणालाही दोष लागला नाही."

"ती काय खाणार आता?"

"भाज्यांचं पाणी आहे की."

त्यांना ताई हवी होती, ती जाऊ नये असं त्यांना वाटत होतं, हे मी नाकारत नाही. पण आपण बरोबर असणं त्यांना तिच्याहून जास्त हवं होतं, आणि असल्या माणसाचं मी तोंडही बघू इच्छित नाही. मी डब्यासाठी हात पुढे केला. घरी जाऊन पुन्हा उकळायचं आणि या वेळी खोटं बोलायचं, असं मी ठरवलं होतं.

ताईने डबा दिला नाही. भिंतीला धरत ती ओट्यापर्यंत गेली. थर्मासमधलं गरम पाणी तिने डब्यात ओतलं, थोडंसंच, आणि झाकण लावून डबा गोल गोल हलवला. कडेला चिकटलेली चरबी, तळाशी राहिलेला गाळ, सगळं त्यात सुटलं. मग तिने झाकण काढलं आणि डबा तोंडाला लावला.

"अगं, हे काय करतेस?" भावोजी पुढे झाले.

"भांडं विसळलेलं पाणी आहे, अहो," ती म्हणाली. "मोरीतच जाणार होतं."

भावोजींनी तोंड उघडलं. नियम शोधत असावेत. तेवढ्या वेळात ती उभ्यानेच घोट घोट प्यायली. कितीतरी दिवसांनी तिच्या गळ्याखाली काही सरळ उतरताना मी पाहत होतो. शेवटी तिने डबा पूर्ण उपडा केला, तळावर थाप मारली, आणि जिभेवर पडेल त्याची वाट पाहिली.

"तुझ्या बायकोला सांग," ती मला म्हणाली, "मीठ अगदी बरोबर पडलंय."

तिच्या ओठांवर चरबीची चकाकी होती. भावोजींनी खिशातला रुमाल काढून तिच्यापुढे धरला. तिने तो घेतला नाही.