बाहेर जाणारा बॉल

मुन्नाने सुतळी दातांत धरली आणि शिडीवर उभं राहून गोलच्या बारला जाळीची चौथी गाठ मारली. खाली भूपेंद्र फोनवर बोलत होता.

"अबे संघपाल, तुमसर रोडले उतरला का नाही? अजून गाडीतच? दोन वाजता फायनल हाय ना बे."

फोन खिशात टाकून त्याने वर पाहिलं.

"स्कॉटलंड, उतर खाली. नागपूरवाल्याची गाडी लेट हाय. थो येतवरी तूच उभा राय."

"येतवरी म्हंजे?"

"म्हंजे येतवरी."

सिहोऱ्याच्या टीममध्ये मुन्ना अकरा वर्षं राखीव गोलकीपर होता. धिवराचा पोरगा, पहाटे तळ्यात जाळं टाकणारा, म्हणून मैदानावरची जाळी बांधायचं काम त्याचं. बांधून झाली की बाजूला जाऊन बसायचं कामही त्याचंच. जाळीपुढे उभं राहायला दरवर्षी बाहेरून कोणीतरी आणला जायचा, कधी गोंदियाचा, कधी नागपूरचा. टीमच्या जर्सीवर भूपेंद्रच्या बापाच्या राईस मिलचं नाव होतं, त्यामुळे कोण खेळणार ते भूपेंद्र ठरवायचा. यात कोणाला काही चूक वाटत नव्हतं. ज्याला वाटत होतं तो शिडीवर होता.

स्कॉटलंड हे नाव त्याने स्वतःच ओढवून घेतलं होतं. दोन वर्षांपूर्वी मोबाइलवर त्याने एका स्कॉटिश गोलकीपरची हकिगत वाचली. हा माणूस या क्लबातून त्या क्लबात फिरला, पण बहुतेक ठिकाणी दुसऱ्या कोणाच्या तरी मागे बसून राहिला. पहिल्याचं बोट मोडलं की हा उठायचा, बोट जुळलं की परत बसायचा. मुन्नाने हे पानठेल्यावर सांगितलं. सांगायला नको होतं.

"म्हंजे तुयाच जातीचा निंगाला," भूपेंद्र म्हणाला होता.

"थो बसाचा पगार घेत होता. मी फुकटात बसतो," मुन्नाने उत्तर दिलं होतं. सगळे हसले, आणि नाव चिकटलं.

आज मैदानाच्या कडेला ज्योत्सना आली होती. लग्नाला नऊ वर्षं झाली, पण नवऱ्याला खेळताना तिने पाहिलं नव्हतं. बसलेला पाहायला कायले येऊ, असं म्हणायची. या वर्षी तिने अटच घातली होती. वय चौतीस झालं, गुडघा कुरकुरतो. आता एक म्याच खेळा, नाहीतर नका खेळू, पण ह्या सिझननंतर हातमोजे भाच्याला, गोलूला देऊन टाका. मुन्नाने कबूल केलं होतं. त्याला जास्त काही नको होतं. एक अख्खी म्याच, शिट्टीपासून शिट्टीपर्यंत.

दोन वाजता त्याने तुमसरहून आणलेले नवे हातमोजे चढवले आणि दोन्ही पोलांना हात लावला. ज्योत्सना पानठेल्याच्या बाकावर होती. तिने हात हलवला नाही, फक्त पदर सावरला.

मग बॉल आलाच नाही.

समोरच्या टीमची, बपेऱ्याची पोरं त्यांच्याच अर्ध्यात अडकून पडली. सिहोऱ्याने आठव्या मिनिटाला गोल केला आणि त्यानंतरही सगळा खेळ तिकडेच. मुन्ना इकडे एकटा. तो ओरडत राहिला, "डावीकडं पाह्य, डोमा, माणूस सोडू नको," आणि बचावातला डोमा एकदाही वळला नाही. बाराव्या मिनिटाला बपेऱ्याच्या एकाने दुरूनच लाथ घातली. बॉल पोलच्या हातभर बाहेरून जाणार हे मुन्नाला केव्हाच दिसलं होतं. तरी त्याने उडी मारली. पूर्ण अंग ताणून, आडवी. माती तोंडात गेली. बॉल बाहेर गेला.

लोक हसले. माइकवरचा म्हणाला, "स्कॉटलंडनं हवा अडवली."

पहिला हाफ संपला तेव्हा त्याने बॉलला तीनदा हात लावला होता, तिन्ही वेळा गोलकिक ठेवायला. तो पाणी प्यायला आला, तर संघपाल बुटांच्या नाड्या बांधत होता. तेविशीचा, उंच, गळ्यात रुमाल.

"चाल, काढ जर्सी," भूपेंद्र म्हणाला.

"एकही गोल नाही खाल्ला मी."

"तुयावर बॉलच नाही आला, तं खाशील कायचा? आता थे चढून येतीन. रिक्स नाही घ्याची मले."

"भूपेंद्र, राहू दे ना एक डाव. अर्धाच राहिला हाय."

"अकरा वर्षं झाले, आताच कायले झगडून राहिला बे?"

मुन्नाने जर्सी काढली. घामाने ती डोक्यात अडकली, आणि तो काही वेळ तसाच आत उभा राहिला. मग ओढून काढली, भूपेंद्रच्या हातात न देता मातीत टाकली, आणि बनियनवर जाऊन बसला.

दुसऱ्या हाफात बॉल आला. ढीगभर आला. संघपालने कोपऱ्यातला एक बोटांनी वळवला, एक पायाने अडवला, शेवटच्या मिनिटाला तिघांच्या डोक्यावरून झेलला. चांगला होता पोरगा. तीच तर चीड होती. वाईट असता तर मनसोक्त शिव्या देता आल्या असत्या.

एक शून्य. फटाके फुटले. संघपालला बक्षिसाचा स्टीलचा डबा मिळाला.

मुन्ना शिडी लावून जाळी सोडत होता तेव्हा संघपाल डबा काखेत मारून तिथे आला.

"दादा, जाळी तुम्ही बांधता काय?"

"मंग कोण, मिलवाला?"

संघपाल हसला. त्याने खालचं टोक सोडायला घेतलं. गाठ ओळखीची नव्हती, तरी जमली.

"आमच्या क्लबात मी तिसरा आहे," तो म्हणाला. "दोन वर्षं झाली. सराव करतो, बॅगा उचलतो. खेळाले अशा गावागावात फिरतो, म्हणून हात जिवंत आहेत."

मुन्नाने पुढची गाठ सोडली.

"ती उडी पण मस्त होती. बॉल बाहेरच चालला होता, नाही?"

"चालला होता."

"मी पण मारतो तशी. अंगाले माती लागली पाहिजे यार." त्याने बॅग खांद्याला लावली. "फेब्रुवारीत बपेऱ्यात टुर्नामेंट आहे. भूपेंद्रभाऊनं मलेच बोलावलं. येतो. पण गाडीचा काही भरोसा नाही, दादा."

तो रस्त्याकडे गेला. मुन्नाने वरची गाठ धरली आणि हात तिथेच थांबला. उडी बाराव्या मिनिटाची. बॅग घेऊन हा आला हाफला.

ज्योत्सना शिडीखाली येऊन उभी होती.

"ज्योत्सना, हा पोरगा कवा आला?"

"हा? हा तं पहिल्यापासून माया बाजूले बसला होता. तोंडाले रुमाल बांधून. फोन वाजे, तं कापून टाके. आल्या आल्याच इचारलं त्यानं, थे गोलात उभे हायेत थे कोण लागते तुमचे म्हणून. मी सांगितलं."

"आनिक काय सांगितलं?"

"हेच, का तुमचा खेळ पाहाले पहिल्यांदा आली म्हणून. काहून?"

मुन्नाने रस्त्याकडे पाहिलं. संघपालची ऑटो वळणावर गेली होती. त्याने गाठ ओढली. नेहमी एका झटक्यात सुटणारी ती सुटेना. त्याने पुन्हा ओढली.

"कोणी सांगितलं होतं त्याले लपून बसाले," तो म्हणाला.

"काय?"

"काही नाही."

ज्योत्सनाने पिशवीतून हातमोजे काढले, उलटेपालटे करून पाहिले. बोटांवरचा पांढरा रंग तसाच होता.

"मंग, हे देऊन टाकू ना गोलूले?"

मुन्ना शिडीवरून उतरला. जाळीचं एक टोक वर तसंच लटकत राहिलं.

"फेब्रुवारीपर्यंत राहू दे," तो म्हणाला, आणि पोलला एक लाथ घातली.