समासातला सूड

मी एक कादंबरी बोलतेय. दोन मैत्रिणींची आणि छोट्या गावातल्या न सांगितलेल्या गोष्टींची, असं माझ्या पाठीवर छापलंय. न सांगितलेल्या कसल्या? विश्वासाने सांगितलेल्या आणि चोरलेल्या!

माझी लेखिका शाळेत शिकवायची. तिची जिवाभावाची मैत्रीण शिवणकाम करायची. वीस वर्षं दर रविवारी दोघी शिलाई मशीनशेजारी चहा प्यायच्या. एकदा शिवणवालीने मन मोकळं केलं. नवरा वारला असं ती सगळ्यांना सांगायची, पोटच्या मुलीलाही. खरं तर तो दुसऱ्या बाईबरोबर निघून गेला होता.

"कुणाला बोलू नकोस गं."

"वेडी आहेस का? माझ्या पोटातच राहील."

ते राहिलं नाही. माझ्या सातव्या प्रकरणात आलं. नावं तेवढी बदलली होती.

मी छापून आले आणि गिऱ्हाइकं माप द्यायच्या निमित्ताने खोदून खोदून विचारू लागली. शिवणवालीने मला विकत आणलं, पण तिच्याआधी मुलीनेच वाचून काढलं.

"आई, बाबा जिवंत आहेत?"

शिवणवालीने कात्री खाली ठेवली. "हो."

"आणि मी इतकी वर्षं त्यांच्या फोटोशी बोलत होते!"

मुलगी बॅग भरून मावशीकडे गेली ती गेलीच. फोन केला की मावशीच उचलायची.

शिवणवालीने लेखिकेला गाठलं. लेखिका म्हणाली, "अगं, ती तू नाहीसच. आणि बघ ना, त्यात मी तुला किती जपलंय!"

जपलंय म्हणे! नवव्या प्रकरणात नायिका, म्हणजे लेखिकाच, आजारी मैत्रिणीच्या उशाशी आठ दिवस बसते. लोक ते वाचून रडायचे. मला मात्र ते खोटं अंगभर झोंबायचं.

त्या दिवशी शिवणवालीने पेन घेतलं. सातव्या प्रकरणाच्या समासात लिहिलं, "हे मी शपथ घालून सांगितलं होतं." नवव्याच्या समासात, "मी आजारी होते तेव्हा ती आली नव्हती. शाळेत परीक्षा आहेत असं कळवलं. डबा शेजारीण आणायची." निब टोचत होतं, तरी मी म्हणत होते, दाब, अजून दाब! मग तिने मला वाचनालयाला देऊन टाकलं.

लोक छापलेलं सोडून समासच वाचू लागले. लेखिकेचा ठरलेला सत्कार रद्द झाला. किती गोड वाटलं म्हणून सांगू!

शेवटी लेखिका आलीच. "ती प्रत खराब झालीय. मी नवी देते, ती मला द्या."

ग्रंथपाल चष्म्यावरून बघत म्हणाले, "नवी कुणी मागत नाही, बाई. हिच्यासाठी अकराजण थांबलेत. इथे बसून वाचा हवं तर."

ती बसली. नवव्या प्रकरणाशी थांबली. पानाची कड तिने चिमटीत धरली. फाड, मी मनात म्हटलं, सगळ्यांसमोर फाड! तिने फाडलं नाही. पेन काढून खाली लिहिलं, "परीक्षा नव्हत्या. आजार लागेल म्हणून घाबरले होते." आणि सही केली.

तुम्हाला वाटेल, मी विरघळले. मुळीच नाही. मुलगी अजून घरी आलेली नाही.

आता माझी शिवण उसवलीय, पानं सुटायला लागलीत. वाचकांनो, जपून हाताळा, पण मला नव्याने बांधायला पाठवू नका. बांधणारा कडा कापून टाकतो, आणि माझ्यातलं खरं तेवढं कडेलाच लिहिलेलं आहे.