प्रेसच्या मुखी नारळपाणी

साजगावच्या त्या कारखान्यात मशीन कुणाचं हे साहेबाच्या हुकमावरून ठरत नसे. खंडेनवमीला मशीनच्या नावाने दारात नारळ कोण फोडतो, त्यावरून ठरे. पत्रे दाबायची मोठी प्रेस आली तेव्हापासून तिच्या नावाचा नारळ सहदेवच्या हातचा. घरी बायजा, म्हणजे बायको, तापाने फणफणली तरी त्याने कधी रजा घेतली नाही. पण प्रेस बंद पडली की त्याला घास जात नसे.

आणीबाणी उठल्यानंतरच्या वर्षी कळंबचा चांगो कामाला लागला, आणि सहदेवच्या पोटात दुखायला लागलं.

प्रेस तेलाच्या दाबावर चाले. सहदेव तिला जाडजूड तेल घाली. पहिलवानाला तूप, तसं प्रेसला जाड तेल, हा त्याचा हिशेब. थंडीच्या सकाळी ते तेल घट्ट व्हायचं आणि पंप केकाटायचा. सहदेव म्हणायचा, "खोकतेय बिचारी, जरा ऊब येऊ द्या." चांगोने फोरमनच्या मागे लागून पातळ, अडुसष्ट नंबरचं तेल मागवलं. केकाटणं थांबलं! मग त्याने उघड्यावर उभी असलेली पिंपं आडवी निजवली, म्हणजे बुचाशी पावसाचं पाणी साचायला नको. गाळल्याशिवाय तेलाचा थेंब तो टाकीत जाऊ देईना. "तेलाला पान्याचं लय वावडं, सहदेवदादा," असं वर ऐकवायचाही. फोरमन दातार खूश झाले आणि तेलखोलीची किल्ली सहदेवकडून चांगोकडे गेली.

चांगोचं बरोबर होतं. तेच तर सलत होतं. तो चुकला असता तर सहदेवने त्याला कधीच माफ करून टाकलं असतं.

पुढच्या खंडेनवमीला प्रेस पुसली, कुंकू लावलं, झेंडूची माळ घातली, आणि दातारांनी नारळ चांगोच्या हातात दिला. "यंदा याला फोडू दे." सगळ्यांदेखत! सहदेव हसला, पण दाढ दुखत असल्यासारखा.

दरवर्षीसारखा खोपोलीच्या बाजारातून त्याने स्वतःचा नारळ आणलेला होताच. चांगोने दारातल्या दगडावर नारळ फोडला, सगळे तिकडे आरतीला उभे राहिले, आणि हा गुपचूप प्रेसच्या मागे गेला. तेलाच्या टाकीच्या कडेवर त्याने आपला नारळ आपटला, टाकीचं झाकण उघडलं आणि नारळाचं पाणी आत सोडलं. वाईट करायचं त्याच्या मनात नव्हतं. पुढे नारळ कुणीही फोडो, तिच्या मुखी पाणी आपल्याच हातचं पडलं पाहिजे, एवढंच. पिंपभर तेलात ओंजळभर पाणी, तेही नैवेद्याचं. त्याने काय होतंय? मग तो ऐटीत खोबरं वाटायला निघाला आणि पहिला तुकडा त्याने चांगोच्या हातावर ठेवला.

"घे रं. आमचाबी प्रसाद."

दसऱ्याची सुट्टी संपून प्रेस सुरू झाली, आणि जेवणाच्या सुट्टीआधीच टाकीतलं तेल ताकासारखं पांढरं झालं. वर फेस आला. दट्ट्या उचक्या देत खाली येऊ लागला, पत्रे वेडेवाकडे निघू लागले. दातार चांगोवर कडाडले, "पिंपात पाणी शिरलं तुझ्या! मोठा तेलवाला झाला होतास!" त्यांनी किल्ली काढून घेतली आणि सहदेवच्या हातात दिली.

पाणी कुठून आलं ते सहदेवला बघताक्षणी कळलं होतं. छातीत धस्स झालं. पण चांगोचं उतरलेलं तोंड बघून जिवाला असा काही गारवा वाटला की ते धस्स कुठल्या कुठे गेलं. त्याने किल्ली करगोट्याला बांधली.

टाकी साफ करायचं काम चांगोवरच आलं. त्याने तेल उपसलं, आत हात घातला आणि तळाची जाळी वर काढली. सहदेव कमरेवर हात ठेवून शेजारी उभा होता. जाळीत करवंटीची कपची अडकली होती, खोबऱ्यासकट. चांगोने ती निरखली. आपला नारळ त्याने दारात फोडला होता. टाकीत हा दुसराच आला होता. त्याने मान वर करून सहदेवकडे पाहिलं. मग नखाने खोबरं सोडवलं आणि सहदेवच्या तळहातावर ठेवलं.

"दादा," तो हळूच म्हणाला, "तुमचा प्रसाद उरला व्हता."

"काय सापडलं रे?" लांबून दातारांनी विचारलं.

"काय नाय, सायेब. पिंपातलंच पानी. माजीच नजर चुकली."

प्रसाद टाकता येत नाही. सहदेवने तो तोंडात घातला. तेलाची कडवट चव जिभेला चिकटली. सुटला होता तो. किल्ली कमरेला होती, प्रेस पुन्हा त्याची होती, कुणाला काही कळणार नव्हतं. एकट्या चांगोला माहीत राहणार, आणि तो रोज सकाळी काही न बोलता "रामराम दादा" म्हणणार! सहदेवच्या अंगाची आग झाली. अक्कल याची, हात याचा, आणि आता मनाचा मोठेपणासुद्धा यानेच घ्यायचा? आपल्याला काही ठेवायचंच नाही?

"खोटं बोलतोय त्यो, सायेब!" घास कसाबसा गिळून तो ओरडला. "नारळाचं पानी मी घातलं टाकीत. मी!" करगोट्याची किल्ली हिसडून त्याने चांगोपुढे टाकली. "तुज्या उपकारावर जगू व्हय रं?"

चांगो किल्ली उचलायला वाकला. सहदेव तरातरा निघाला, पण प्रेसपाशी त्याचा पाय अडला. माळेतली झेंडूची फुलं सुकून काळपटली होती. त्याने तिच्या अंगावर हात ठेवला.

"पन प्याली ती," तो चांगोकडे वळून म्हणाला. "माज्या हातचं प्याली."